डाव पाठ होतो. पण कळतो का?

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. टेकू, भार आणि बल यांच्या आकृत्या फळ्यावर काढता काढता माझी वीसहून अधिक वर्षे गेली. अडकित्ता, कात्री, चिमटा ही तरफेची उदाहरणे मी झोपेतही सांगू शकेन. परंतु तरफ ही काय चीज आहे, हे मला खऱ्या अर्थाने समजले ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका रबरी गादीवर उताणा पडलो असताना.

झाले असे. माझी भाची ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची कुस्ती शिकू लागली होती. ती म्हणाली, “मामा, तू नुसता तरफ शिकवतोस. एकदा आमच्या वर्गात येऊन ती अनुभव तरी!” मी गेलो, आणि मग जातच राहिलो. तिसऱ्या आठवड्यात माझ्याहून पंधरा किलो हलक्या अशा एका महाविद्यालयीन मुलाने माझा हात आपल्या दोन पायांमध्ये धरला, मनगट छातीशी घेतले आणि कंबर किंचित वर उचलली. कोपरावर ताण आला. अशा वेळी गादीवर हात थोपटायचा आणि समोरच्याने तत्काळ सोडायचे, हा तेथील पहिला नियम. पण मला वाटले, एवढ्याशा पोराला काय शरण जायचे! मी हात ओढून घेऊ लागलो. त्या मुलाने माझ्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःच सोडले म्हणून बरे. तरीही कोपर सुजला आणि तीन आठवडे मला उजव्या हाताने फळ्यावर लिहिता आले नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलांनी विचारले, “सर, हाताला काय झाले?” मी डाव्या हाताने वेडीवाकडी आकृती काढली आणि तरफेचा तो तास माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला तास झाला. त्या दिवसापासून जे विचार मनात घोळत आहेत, ते तुमच्यापुढे आणि माझ्या शिक्षक-बंधुभगिनींपुढे ठेवावेत म्हणून हा लेख.

बेटकुळी आणि तरफ

आधी त्या हाताचे गणित पाहू. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो एका बाजूला दुमडतो. हात सरळ झाला की हाडाला हाड अडते आणि त्यापुढे तो जात नाही. प्रतिस्पर्ध्याने कोपराच्या मागे आपली कंबर टेकवली, म्हणजे टेकू मिळाला. मनगट त्याने दोन्ही हातांनी धरले, म्हणजे बल लावण्याची जागा मिळाली. मनगट कोपरापासून सुमारे २५ सेंटिमीटर दूर आहे असे धरू. तेथे फक्त १५ किलोग्रॅम वजनाइतके बल लावले, तर कोपराभोवती १५ गुणिले २५ म्हणजे ३७५ इतका वळवणारा परिणाम झाला.

आता माझी बाजू पाहा. हात वाकवणारा दंडातला स्नायू, ज्याला आपण बेटकुळी म्हणतो, कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटर अंतरावर पुढच्या हाडाला चिकटलेला असतो. तेवढाच परिणाम उलट दिशेने घडवायचा, तर त्याला ३७५ भागिले ४, म्हणजे सुमारे ९४ किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागेल. शिवाय हात सरळ असताना हा स्नायू जवळजवळ हाडाच्या दिशेनेच ओढत असतो, त्यामुळे त्याची बरीच शक्ती वाया जाते. आणि समोरचा कशाने ओढत होता? केवळ हातांनी नव्हे, तर शरीरातील सर्वांत दणकट अशा कंबरेच्या, मांड्यांच्या व पाठीच्या स्नायूंनी! माझे पंधरा किलो जास्तीचे वजन या हिशेबात कोठेच आले नाही.

याच मुलाने मनगटाऐवजी माझा हात मध्यावर धरला असता, तर बलाची भुजा निम्मी झाली असती आणि तोच परिणाम घडवायला त्याला दुप्पट जोर लावावा लागला असता. नवशिके नेमके हेच चुकतात. त्यांना ‘हात धरायचा’ एवढे आठवते. कोठे धरायचा आणि का, हे आठवत नाही. जे समजलेले नसते, ते आठवणार तरी कसे?

उताणे पडल्यावर सुरू होणारी कुस्ती

ही विद्या ब्राझीलची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ जपानमध्ये आहे. जुजुत्सू ही तेथील जुनी निःशस्त्र झुंजीची कला. ‘जु’ म्हणजे मृदू, नमते घेणारे, आणि ‘जुत्सू’ म्हणजे कला. जिगोरो कानो (१८६०–१९३८) नावाचा अंगाने लहानखुरा तरुण टोकियोत ती शिकत होता. एका धिप्पाड सहकाऱ्यापुढे त्याचे काही चालेना, तेव्हा त्याने सुमो आणि पाश्चात्त्य कुस्ती यांची माहिती धुंडाळली, नवा डाव बसवला आणि त्याला उचलून पाडले. पुढे १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने टोकियोतील एइशोजी या बुद्धमंदिरात मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन कोदोकान ही शाळा काढली. त्याच्या पद्धतीला त्याने ‘जुदो’ असे नाव दिले. कानो हा पेशाने शिक्षक होता, हे आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे.

कोदोकानमध्ये तयार झालेला मित्सुयो माएदा (१८७८–१९४१) अनेक देशांत कुस्त्या खेळत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि अॅमेझॉन नदीच्या मुखाजवळील बेलें या शहरात स्थायिक झाला. त्या काळी जपानबाहेर कानोच्या विद्येलाही जुजुत्सूच म्हणत. म्हणून ब्राझीलमध्ये ‘जिउ-जित्सू’ हेच नाव रुजले. माएदाच्या परंपरेतून ही विद्या कार्लोस ग्रेसी व त्याच्या भावांकडे आली. धाकटा भाऊ हेलिओ (१९१३–२००९) अंगाने किरकोळ होता. ग्रेसी बंधूंनी व त्यांच्या समकालीनांनी जमिनीवरच्या झुंजीवर भर दिला आणि तो भाग विलक्षण वाढवला.

आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की पैलवान चीत झाला, कुस्ती संपली. येथे नेमके उलट आहे. पाठ टेकल्यावरच खरी कुस्ती सुरू होते. उताणा पडलेला खेळाडू आपले दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती घालतो आणि त्याला ना दूर जाऊ देतो, ना अंगावर चढू देतो. पाय हे हातांपेक्षा लांब आणि बळकट असतात. उभे असताना ते शरीराचा भार वाहण्यात गुंतलेले असतात. पाठ जमिनीला लागली की ते मोकळे होतात. ज्याला आपण हार समजतो, त्या स्थितीतही हाताशी काय उरले आहे याचा असा शांतपणे विचार करणे, हीच मुळी शास्त्रीय वृत्ती नव्हे काय?

चौपाईचे दोन पाय

आता एक डाव घेऊ. हा नवशिक्याला बहुधा पहिल्याच महिन्यात शिकवतात. प्रतिस्पर्धी तुमच्या पोटावर दोन्हीकडे पाय टाकून बसला आहे आणि तोल सावरायला त्याने दोन्ही हात जमिनीवर टेकले आहेत. तुम्ही त्याला ढकलून पाहाल, तर तो हलणार नाही. कारण त्याची बैठक चार पायांच्या चौपाईसारखी आहे. पदार्थाच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा जोवर त्याच्या आधारक्षेत्रातून जाते, तोवर तो कलंडत नाही, हे तुम्ही पुस्तकात वाचलेच आहे.

मग करायचे काय? त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवायचा. आता चौपाईचे एका बाजूचे दोन पाय गेले. मग आपली कंबर जोराने वर उचलून त्याचा गुरुत्वमध्य त्या बाजूला लोटायचा. सावरायला हात टेकता येत नाही, पाय टाकता येत नाही, तो कलंडतोच.

वर्गातील काही जण हा डाव ‘उजवा हात, उजवा पाय, कंबर वर’ असा पाठ करतात. प्रतिस्पर्ध्याने जरा जागा बदलली की ते त्याचा उजवा हात आणि डावा पाय धरून बसतात. मग तो कोणत्याही बाजूला लोटला, तरी सावरायला एक अवयव मोकळा राहतो, आणि डाव फसतो. ज्याला चौपाई कळली आहे, त्याला पाठ करावेच लागत नाही. तो पाहतो: आधार कोठे आहे? कोठे नाही? जेथे आधार नाही, तेथे लोटा!

हा प्रयोग तुम्हीही करू शकाल. घरात जाड गादीवर हात-गुडघे टेकून ओणवे व्हा. मित्राला खांद्याला धरून चारी दिशांनी हळूच लोटायला सांगा. मग एक हात उचलून तेच पुन्हा करा. कोणत्या दिशेने तोल सहज जातो ते वहीत लिहा. नंतर एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलून पाहा. गळा, मान आणि सांधे यांना मात्र हात लावायचा नाही. ते का, हे पुढे येईलच.

खोटी निरीक्षणे

डाव कळला, म्हणजे सगळे झाले काय? नाही. येथे कानोची एक मोठी देणगी सांगितली पाहिजे. जुन्या पद्धतीत अनेक डाव इतके घातक होते की ते पूर्ण जोराने करणेच अशक्य. त्यामुळे विद्यार्थी ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करीत. पडणाऱ्याला आपण पडायचे आहे हे आधीच माहीत असे. कानोने घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि उरलेले डाव प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर खरोखरच करून पाहण्यावर भर दिला. या मोकळ्या सरावाला जपानीत ‘रान्दोरी’ म्हणतात. ब्राझिलियन जिउ-जित्सूचा तर तो प्राण आहे.

याचा अर्थ काय? पडायला तयार असलेल्या जोडीदारावर डाव यशस्वी होणे म्हणजे काहीच सिद्ध न होणे. समोरचा जेव्हा मनापासून अडवतो, तेव्हाच आपली समजूत खरी की खोटी हे कळते. रान्दोरी म्हणजे प्रयोग, आणि प्रतिस्पर्धी म्हणजे निसर्ग. निसर्ग कधी आपल्या मर्जीप्रमाणे पडत नाही.

आता जरा कटू बोलतो. आपल्या प्रयोगवह्या आठवून पाहा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे हे आधीच माहीत असते. मग कितीजण उत्तरावरून उलटे गणित करून निरीक्षणांचा तक्ता भरतात? आणि आम्ही शिक्षक तो तक्ता पाहून ‘बरोबर’ अशी खूण करतो. ही पडायला तयार असलेल्या जोडीदाराशी केलेली कुस्तीच आहे! वहीत ९.५ आले असते आणि ते का आले याचा शोध घेतला असता, तर दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती, हे तरी सापडले असते. पाठ केलेल्या डावाची फजिती गादीवर अर्ध्या मिनिटात होते. पाठ केलेल्या विज्ञानाची फजिती व्हायला कधी कधी आयुष्य जाते. म्हणूनच ती अधिक धोक्याची.

थाप मारणे

मराठीत थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे. या गादीवर मात्र थाप मारणे म्हणजे खरे बोलणे. ‘माझी समजूत येथे चुकली, मी अडकलो’ अशी ती कबुली आहे. ती दिली की जोडीदार सोडतो, दोघे हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

हेलिओ ग्रेसीची एक लढत प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये रिओ दि जानिरोच्या माराकाना स्टेडियममध्ये तो जपानचा नामांकित जुदोपटू मासाहिको किमुरा याच्याशी लढला. किमुरा त्याच्याहून बराच वजनदार आणि कौशल्यातही वरचढ. त्याने हेलिओचा हात कोपरात दुमडून पाठीमागे पिरगळला. पान्याच्या दांड्याने बोल्ट फिरवावा, तसा दुमडलेल्या हाताने खांदा फिरतो. हेलिओने शरणागती दिली नाही. अखेर कार्लोसने लढत थांबवली. त्याच्या धैर्याच्या कथा आजही सांगतात. मला मात्र पुढची गोष्ट अधिक मोठी वाटते. ज्या डावाने आपण हरलो, त्याला ब्राझिली लोकांनी विजेत्याचेच नाव दिले. तो डाव आज जगभर ‘किमुरा’ म्हणून शिकवला जातो. पराभवातून मिळालेले ज्ञान असे मानाने स्वीकारता आले पाहिजे.

पण विद्यार्थ्याने हेलिओसारखे न थोपटता राहावे काय? मुळीच नाही. ती शौर्याची गोष्ट त्या मैदानावर शोभली. शिकणाऱ्याने हट्ट केला तर सांधा दुखावतो आणि शिकणेच थांबते. माझे तीन आठवडे असेच गेले. परत गेलो तेव्हा शिकवणारे म्हणाले, “सर, तुमच्या वर्गात मुलाला एखादी गोष्ट समजली नाही, तर त्याने हात वर करावा असे तुम्हाला वाटते ना? मग येथे तुम्ही का नाही केला?” मला उत्तर देता आले नाही. आपल्या वर्गांत ‘समजले नाही’ असे म्हणणाऱ्याला आपण इतके कमीपणाचे वाटायला लावतो, की मुले सुजलेले कोपर घेऊन तशीच वरच्या वर्गात जातात.

तीन आक्षेप

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की अशा विद्येने मुले दांडगाई करतील. माझा अनुभव उलट आहे. ज्याला रोज कोणीतरी हरवते, त्याची मिजास टिकत नाही. परंतु हे चांगल्या शिक्षकावर अवलंबून आहे, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा असा, की हल्ली सारे डाव मोबाइलवरील चित्रफितींत दिसतात, मग वर्ग कशाला? याला माझा ठाम विरोध आहे. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या जातात. त्या दाबल्या गेल्या तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते, आणि दाब राहिला तर जिवावर बेतते. चित्रफीत पाहून वर्गाच्या मागच्या बाकांवर मित्राचा गळा आवळून पाहणे हा खेळ नव्हे. त्यात मुलांचे प्राण जाऊ शकतात. चित्रफीत डाव दाखवते, पण केव्हा सोडायचे हे तिला दिसत नसते. स्पर्धांच्या नियमांतही लहान मुलांना अनेक डाव वर्ज्य आहेत. आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमांनुसार प्रौढांच्या पांढऱ्या पट्ट्यानंतरचा निळा पट्टा सोळा वर्षांखालील मुलाला मिळत नाही. पुढे जांभळा, तपकिरी आणि काळा असे पट्टे येतात. काळ्या पट्ट्यापर्यंत जायला साधारण दहा वर्षे लागतात. घाई करणाऱ्यांची ही विद्या नाही.

तिसरा आक्षेप या विद्येच्या अतिउत्साही भक्तांवर मी स्वतःच घेतो. ‘युक्ती असली की शक्ती लागत नाही’ असे ते म्हणतात. हे खरे असते, तर स्पर्धांत वजनगट कशाला ठेवले असते? दोघांचे कौशल्य सारखे असेल, तर वजन आणि ताकद यांचे पारडे जड होतेच. किमुराच्या लढतीत ते दिसले. तरफ बल वाढवते, पण ती जादू करत नाही. बलात जे मिळते, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. विज्ञानाच्या नावाने चमत्कार विकू नयेत.

शाळांनी काय करावे

सर्व मुलांनी जिउ-जित्सू शिकावे, असे माझे म्हणणे नाही. माझी सूचना लहान आहे. विज्ञानाचे आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक यांनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यावा. गादीवर फक्त दोन गोष्टी शिकवाव्यात: पडणे आणि तोल. सांधे व गळा यांचे डाव अजिबात नकोत.

पडणे हाच विषय पाहा. एक मीटर उंचीवरून पडणारे शरीर सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जमिनीला लागते. तो वेग काही आपल्याला कमी करता येत नाही. पण पाठ गोल करून, लोळत, थांबण्याचे अंतर २ सेंटिमीटरऐवजी १० केले, तर सरासरी आघात सुमारे एक-पंचमांश होतो. वेगाने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच तत्त्व. हनुवटी छातीशी, म्हणजे डोके आपटत नाही. सपाट हात गादीवर पसरून मारला की आघात मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. जिन्यावरून किंवा सायकलवरून पडताना हे ज्ञान उपयोगी पडेल, तेवढे परीक्षेतील किती प्रश्न पडतील?

आणि प्रत्येकाने एक वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने: काय केले, काय झाले, का झाले. दुसऱ्या रकान्यात ‘फसले’ असे लिहिलेले असेल, तर गुण कापू नयेत. तिसरा रकाना कोरा असेल तर जरूर कापावेत.

माझा कोपर आता बरा आहे. तरफेचा धडा आला की मी आजही ती आकृती काढतो, आणि अखेरीस मुलांना सांगतो की कळले नाही तर बाकावर दोनदा हात थोपटा. सुरुवातीला कोणी थोपटत नसे. हल्ली एका तासात चार-पाचदा तरी आवाज येतो. मी थांबतो, मागे जातो आणि पुन्हा सुरुवात करतो. धडा पुरा व्हायला थोडा उशीर होतो खरा. पण तो पुरा होतो.